श्रद्धावंतांची शिरगणती

सरकारी दप्तरातील नोंद न्यायालयापुढे आली म्हणजे तिच्याकडे पाहण्याची एक ठरलेली रीत आहे. शासकीय कृत्ये रीतसर पार पाडली गेली असावीत असे गृहीत धरण्याची मुभा १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ११४ व्या कलमाने न्यायालयांस दिली होती. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी ही मुभा कायम राहिली. मात्र हे गृहीतक खंडनीय आहे, आणि खरी मेख तीच होय. विरुद्ध पक्षाला उभे राहून ‘ही नोंद खोटी आहे’ असे म्हणता येते व ते सिद्धही करता येते, म्हणूनच नोंदीवर विश्वास ठेवणे न्यायाला परवडते. गोव्यातील देवस्थानांचा कारभार ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना हे निराळे सांगावयास नको. महाजनांच्या नोंदवहीत नाव आहे की नाही यावर आमसभेतील मत अवलंबून असते, आणि त्या वहीवर हरकत घेता येते म्हणूनच ती सर्वांना मान्य होते.

हरकत घेणाऱ्याचे राहो. परंतु नोंद करणाऱ्यालाच खऱ्या नोंदीबद्दल देहदंड झाला तर त्या दप्तराचे मोल काय राहते? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात एके ठिकाणी फार स्पष्टपणे सापडते. ते म्हणजे सोव्हिएत संघाची १९३७ ची शिरगणती. तीत एक प्रश्न धर्मश्रद्धेविषयी विचारला गेला होता, तेव्हा मंदिराशी नाते राखून असलेल्या वाचकांस हा विषय परका वाटू नये.

रशियन साम्राज्याची पहिली सर्वसाधारण शिरगणती १८९७ साली झाली. झार दुसरा निकोलस याने आपल्या पत्रकात व्यवसायाच्या रकान्यात ‘रशियाच्या भूमीचा धनी’ असे लिहिले होते, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. त्या गणनेत प्रत्येकाचा धर्म विचारला गेला. क्रांतीनंतर डिसेंबर १९२६ मध्ये सोव्हिएत राजवटीने जी गणना केली तिच्यात तो प्रश्न नव्हता. त्या वेळी लोकसंख्या १४ कोटी ७० लाख भरली. पुढची गणना अनेकदा ठरली आणि अनेकदा पुढे ढकलली गेली. दरम्यान शेतीचे सक्तीने सामुदायिकीकरण झाले, लक्षावधी शेतकरी कुटुंबे देशोधडीला लागली आणि १९३२-३३ साली युक्रेन, कझाकस्तान, व्होल्गाकाठ व उत्तर कॉकेशस येथे भीषण दुष्काळ पडला. त्यात पन्नास ते सत्तर लाख माणसे मेली असावीत, असा आजच्या बहुतेक इतिहासकारांचा अंदाज आहे. वर्तमानपत्रांत या दुष्काळाविषयी अवाक्षर नव्हते. उलट, जानेवारी १९३४ च्या पक्षपरिषदेत स्टालिनने असे जाहीर केले की, १९३३ च्या अखेरीस देशाची लोकसंख्या १६ कोटी ८० लाखांवर गेली आहे. योजनाकारांनी त्याच चढत्या रेषेवर बोट ठेवून १९३७ साठी सुमारे १८ कोटींचा आकडा धरला.

हा आकडा हवेतून आला नव्हता, हे ध्यानात घेतले पाहिजे. जन्ममृत्यूच्या नोंदवह्या होत्या; जन्मातून मृत्यू वजा करावयाचे आणि बाकी मागल्या संख्येत मिळवावयाची, ही जगन्मान्य रीत होय. पण दुष्काळाच्या काळात गावेच्या गावे ओस पडत असता मृत्यूची नोंद कोणी करावी आणि कोणाकडे करावी? नोंद करणारा कारकूनच जेथे मेला किंवा पळाला, तेथे मेलेले कागदावर जिवंत राहिले. हे ज्यांच्या ध्यानात आले त्यांना बोलण्याची सोय नव्हती. सप्टेंबर १९३५ मध्ये सरकारने जो हुकूम काढला त्याचा रोख नेमका उलट होता: नोंदणी कचेऱ्यांत शिरलेले वर्गशत्रू जन्म दडवितात आणि मृत्यू फुगवून दाखवितात, असा त्यात आरोप होता.

अशा स्थितीत ५ जानेवारी १९३७ च्या मध्यरात्री गणना झाली. दहा लाखांहून अधिक गणक कामाला लावले होते. आधीचे काही दिवस घरोघर फिरून पत्रके भरावयाची आणि त्या रात्रीची स्थिती धरून ती पडताळावयाची, अशी योजना होती. प्रश्नावलीवर खुद्द स्टालिनने लेखणी चालविली होती. अनेक प्रश्न त्याने छाटले, आणि सोळा वर्षे व त्यावरील प्रत्येकास तो श्रद्धावंत आहे की नाही व असल्यास कोणत्या धर्माचा, हा प्रश्न घातला. यामागील अपेक्षा ओळखणे कठीण नाही. मॉस्कोचे ख्राइस्ट द सेव्हियर हे भव्य देवालय डिसेंबर १९३१ मध्ये सुरुंग लावून उडविण्यात आले होते. लढाऊ निरीश्वरवाद्यांची संघटना गावोगाव प्रचार करीत होती आणि पंचवार्षिक योजनेच्या मुदतीत धर्म नामशेष करण्याची भाषा बोलली जात होती. विजयाची मोजदाद तेवढी बाकी होती.

योगायोग असा की, जुन्या ऑर्थोडॉक्स पंचांगाप्रमाणे ती नाताळाची पूर्वसंध्या होती. दुसरीकडे, डिसेंबर १९३६ मध्येच नवी राज्यघटना आली होती आणि तिच्या १२४ व्या कलमात उपासनेचे स्वातंत्र्य मान्य केले होते. खेड्यापाड्यांत या दोन गोष्टींचा मेळ लोकांनी आपापल्या परीने घातला. कोणी म्हणे, ‘श्रद्धावंत’ असे लिहून दिले तर कपाळी छाप मारतील, हद्दपार करतील. कोणी म्हणे, पुष्कळांनी लिहून दिले तर बंद पडलेले चर्च पुन्हा उघडावे लागेल. दोन्ही अफवा मोठ्या जोरात होत्या.

मग निकाल आला. ज्या ९ कोटी ८४ लाख प्रौढांना हा प्रश्न विचारला गेला, त्यांपैकी ५ कोटी ५३ लाखांनी आपण श्रद्धावंत आहोत असे सांगितले. ४ कोटी २२ लाखांनी नाही म्हटले आणि सुमारे ९ लाखांनी उत्तरच दिले नाही. श्रद्धावंतांमध्ये ऑर्थोडॉक्स ४ कोटी १६ लाख व मुसलमान ८३ लाख होते. वीस वर्षांच्या दडपणानंतर, सरकारी माणसासमोर, आपले नाव लिहून घेतले जात असता निम्म्याहून अधिक लोकांनी दिलेले हे उत्तर आहे. भीतीपोटी ‘नाही’ म्हणणारे किती होते हे कोणत्याही तक्त्यात यावयाचे नाही. पण भीती असूनही ‘होय’ म्हणणारे किती, हे मात्र आले. माझ्या मते त्या शतकातील सरकारी आकड्यांत याच्याइतका धीट आकडा विरळाच.

एकूण लोकसंख्येचा आकडा तर याहून अवघड ठरला: १६ कोटी २० लाख. स्टालिनने तीन वर्षांपूर्वी सांगितलेल्या संख्येहूनही तो साठ लाखांनी कमी होता. गणना खात्यातील मिखाईल कुर्मान याने मार्च १९३७ मध्ये टिपण लिहून या तफावतीची कारणे मांडली. न नोंदलेले मृत्यू आणि कझाकस्तानातून सीमेपार गेलेले लोक यांचा त्यात हिशेब होता. त्याच महिन्यात त्याला अटक झाली. शिरगणती विभागाचा प्रमुख ओलिंपी क्वित्किन, जो १९२६ च्या गणनेतही होता, आणि सांख्यिकी खात्याचा मुख्य अधिकारी इव्हान क्रावाल, यांना अटक होऊन गोळ्या घालण्यात आल्या. २५ सप्टेंबर १९३७ रोजी सोव्हिएत मंत्रिमंडळाने ही गणना संख्याशास्त्राचे प्राथमिक नियम मोडून केलेली व म्हणून सदोष असल्याचे ठरवून रद्द केली. दोषारोपात शास्त्राचे नाव पुढे केले गेले, हे वकिलाच्या नजरेतून सुटत नाही. सत्तेला नको असलेला आकडा ‘नको आहे’ म्हणून कधीच रद्द होत नाही. तो ‘पद्धत चुकली’ म्हणून रद्द होतो. पद्धत खरोखरच चुकते तेव्हाही कारण हेच असते, आणि म्हणून दोहोंतील भेद जाणकाराने निर्भयपणे सांगावा लागतो. येथे सांगणारेच उरले नव्हते.

जानेवारी १९३९ मध्ये नव्या माणसांनी नवी गणना केली. आपल्या आधीच्यांचे काय झाले हे त्यांना ठाऊक होते. लोकसंख्या १७ कोटी ५ लाखांच्या घरात जाहीर झाली. ती वीस-तीस लाखांनी फुगविलेली असावी असा अभ्यासकांचा कयास आहे. दूरच्या श्रमछावण्यांतील कैद्यांची पत्रके तर युक्रेनसारख्या प्रदेशांच्या बेरजेत घालण्यात आली. त्यामुळे एकीकडे छावण्यांचा आकार लपला व दुसरीकडे दुष्काळाने पडलेली खिंडारे बुजली. श्रद्धेचा प्रश्न अर्थातच गाळला गेला, आणि संघ मोडेपर्यंत कोणत्याही गणनेत तो पुन्हा विचारला गेला नाही.

आपल्या देशात असे काही घडले नाही, याचे समाधान जरूर मानावे; पण आपल्याकडील इतिहासही अगदी निर्लेप नाही. १९४१ च्या गणनेत बंगाल व पंजाबात आपापल्या समाजाची संख्या वाढविण्यासाठी लोकांनीच चढाओढीने नावे घातल्याच्या तक्रारी होत्या, आणि त्याच आकड्यांवर १९४७ साली रॅडक्लिफची रेषा ओढली गेली. १९५१ साली पंजाबात मातृभाषेच्या नोंदीवरून एवढा कलह माजला की हिंदी व पंजाबी यांचे आकडे वेगळे न काढता एकत्रच द्यावे लागले. भाषेच्या टक्केवारीवर गावाचे भवितव्य ठरते हे बेळगावच्या वाचकास कोणी समजावून देण्याची गरज नाही. ही ढवळाढवळ खालून झालेली होती. वरून होणाऱ्या ढवळाढवळीची शंका आली ती जानेवारी २०१९ मध्ये. राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाने मान्य केलेला २०१७-१८ चा रोजगारविषयक अहवाल प्रसिद्ध होत नाही, म्हणून आयोगाचे प्रभारी अध्यक्ष पी. सी. मोहनन व सदस्या जे. व्ही. मीनाक्षी यांनी राजीनामे दिले. बेकारीचा त्यातील ६.१ टक्के हा आकडा आधी वृत्तपत्रात फुटला. निवडणुका आटोपल्यावर, ३१ मे रोजी, सरकारने तोच प्रसिद्ध केला. पूर्वीच्या पाहण्यांशी त्याची तुलना करता येणार नाही, असे सरकारचे म्हणणे होते, आणि त्यात तथ्यांश नव्हता असे मी म्हणणार नाही. परंतु तुलना योग्य की अयोग्य हे अहवाल हाती असल्यावर वादता येते. दप्तरात बंद असताना नव्हे.

आपल्या १९४८ च्या जनगणना कायद्यात दोन तरतुदी मला विशेष वाटतात. आठव्या कलमान्वये, रूढीप्रमाणे जे नाव घेऊ नये ते पतीचे नाव सांगण्याची सक्ती कोणाही स्त्रीवर नाही. पंधराव्या कलमान्वये गणकाची वही कोणाला पाहता येत नाही, आणि थोडे अपवाद सोडल्यास ती न्यायालयात पुराव्यादाखलही चालत नाही. ज्याच्या हाती उत्तर द्यावयाचे तो ते आपल्यावर उलटविणार नाही, हे वचन कायद्याने दिले आहे. १ मार्च २०२७ ही बहुतेक भारतासाठी संदर्भतारीख ठरविणारी अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. २०२१ साली व्हावयाची गणना तोवर लांबली होती. रशियातील शेतकऱ्याला १९३७ साली असे वचन विश्वासाने देणारे कोणी नव्हते, आणि तरीही तो बोलला.

त्याचे बोलणे मात्र पन्नास वर्षे कुलपात राहिले. गणना रद्द झाली, तिचे कर्ते गेले, तरी सारांशाचे तक्ते मॉस्कोच्या अभिलेखागारात शिल्लक होते. १९८९ च्या सुमारास ती दालने उघडू लागली तेव्हा इतिहासकारांच्या हाती ते आले. कुर्मान छावण्या व हद्दपारी भोगून जिवंत परतला होता आणि त्याने आपल्या आठवणी लिहून ठेवल्या होत्या. आज त्या दशकातील सोव्हिएत लोकसंख्येविषयी काही लिहावयाचे झाले तर अभ्यासक १९३९ च्या जाहीर आकड्याला कात्री लावून घेतात, आणि हिशेबाची सुरुवात करतात ती रद्द ठरलेल्या १६ कोटी २० लाखांपासून.