एकगठ्ठा मत आणि ख्रिस्ती मंडळी

(विंचूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

विंचूरहून येवला जवळच. त्या येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण माणसानं धर्म बदलला की त्याचं मत कुणाचं होतं? त्याचं स्वतःचं, की त्याच्या नव्या समाजाचं? हा प्रश्न ख्रिस्ती समाजापुढे त्याच्याही आधी येऊन ठेपला होता. आज आपण तोच पाहणार आहोत.

१९०९ साली मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. म्हणजे त्या समाजाचा प्रतिनिधी त्याच समाजाच्या मतदारांनी निवडायचा. मग आपल्यालाही तसे हवेत का, असं ख्रिस्ती लोकांत सुरू झालं. त्यांचं एकमत नव्हतं. गोलमेज परिषदेला गेलेले के. टी. पॉल आणि त्यांच्यानंतर गेलेले एस. के. दत्त, दोघांनीही अशा मतदारसंघांना विरोध केला. उलट ए. टी. पन्नीरसेल्वम यांनी त्यांचा आग्रह धरला. १९३१ च्या नोव्हेंबरात अल्पसंख्याकांचा जो करार झाला, त्यावर त्यांची सही आहे. त्याच कागदावर बाबासाहेबांचीही सही आहे, हे विसरू नये. दुबळ्याला संरक्षण हवंसं वाटणं यात गैर काहीच नव्हतं.

शेवटी १९३५ च्या कायद्यानं मुंबई प्रांताच्या विधानसभेत १७५ पैकी ३ जागा भारतीय ख्रिस्ती लोकांना मिळाल्या.

पुढे फाळणी झाली. रक्तपात ताजा असतानाच, ऑगस्ट १९४७ मध्ये, संविधान सभेनं स्वतंत्र मतदारसंघ मोडीत काढले. राखीव जागा तेवढ्या राहणार होत्या. मे १९४९ मध्ये सल्लागार समितीत त्याही सोडण्याचा ठराव आला. तो मांडला हरेंद्रकुमार मुखर्जींनी. हे बंगालचे ख्रिस्ती आणि संविधान सभेचे उपाध्यक्ष. त्याच महिन्यात सभेनं निर्णय मान्य केला. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा आमचं लक्ष त्यामागच्या विचाराकडे जातं. जहाल पुढाऱ्याला माणूस नको असतो, त्याला गठ्ठा लागतो. एका समाजाचा गठ्ठा बांधला गेला की त्याची भीती दाखवून दुसऱ्याचा बांधता येतो. आपला गठ्ठा आपणच सोडायचा, हे जहालपणाला दिलेलं उत्तर होतं.

मात्र इथं एक खडा दाताखाली येतो, तो गिळून चालणार नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. नगर-नाशिककडच्या खेड्यांतले कितीतरी ख्रिस्ती मूळ महार-मांग समाजातले. जागा सोडणं आणि सवलत न मिळणं ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, हे आम्ही जाणतो. पण गावकुसाबाहेरच्या माणसाला दोन्हींचा हिशेब एकाच घरात मांडावा लागतो. ‘जबाबदारीनं मत द्या’ असं त्याला सांगणाऱ्या चर्चनं आधी त्याचं हे गाऱ्हाणं ऐकलं पाहिजे. चर्चच्या आतही जात उरलीच आहे, तिच्याकडेही पाहिलं पाहिजे.

आता व्यासपीठावरून काय सांगावं? कायदा स्पष्ट आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, कलम १२३. अमक्याला मत दिलंस तर देवाचा कोप होईल, असं मतदाराला भासवणं हा भ्रष्ट मार्ग ठरतो. धर्माच्या नावानं मत मागणं हाही. तो ‘धर्म’ कुणाचा, उमेदवाराचाच की मतदाराचाही? १९९० च्या सांताक्रूझच्या निवडणुकीवरून निघालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २ जानेवारी २०१७ रोजी, ४ विरुद्ध ३ मतांनी, मतदाराचाही असा निवाडा दिला. हे बंधन पाद्रीसाहेबांना आहे, तसंच महंतांना आणि मौलवींनाही.

मग उरतं काय? पुष्कळ उरतं. यादीत नाव आहे का बघा. पैसे घेऊ नका. जो उमेदवार शेजाऱ्याचा द्वेष शिकवतो त्याला प्रश्न विचारा; तो आपल्या समाजाचा असला तरी विचारा. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी काय केलं? हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात ते उतरले. प्रश्न पाण्याचा, जमिनीचा, झाडांचा आणि गुंडगिरीचा होता. तो एकट्या ख्रिस्ती माणसाचा नव्हता, म्हणून हिंदू शेजारीही सोबत आले. लोक धर्माऐवजी विहिरीच्या पाण्यावर एकत्र आले की जहाल माणसाची पंचाईत होते.

एवढ्यानं प्रश्न सुटला, असा आमचा दावा नाही. धर्मगुरूंनी मतदाराला जागं करावं. नाव सांगू नये. मतदान यंत्रापुढे माणूस एकटा उभा असतो. तिथं त्याच्या खांद्यावर कुणाचा हात असू नये, आशीर्वादाचासुद्धा.

आम्ही इथं थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.