देवलांचे ‘स्वतंत्र’ नाटक कोणते?

गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) यांच्याविषयीचे एक वाक्य मराठी वाङ्मयेतिहासाच्या पुस्तकांतून इतक्या वेळा आले आहे, की ते आता मत न राहता निव्वळ माहिती होऊन बसले आहे : देवलांनी सात नाटके लिहिली आणि त्यांपैकी ‘शारदा’ (१८९९) हे एकच स्वतंत्र. ‘मृच्छकटिक’ शूद्रकाचे, ‘विक्रमोर्वशीय’ कालिदासाचे, ‘शापसंभ्रम’ बाणभट्टाच्या ‘कादंबरी’वरून, ‘झुंझारराव’ शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून, ‘दुर्गा’ एका इंग्रजी शोकांतिकेवरून आणि ‘संशयकल्लोळ’ आर्थर मर्फीच्या ‘ऑल इन द राँग’वरून. या यादीत असत्य असे काहीच नाही. मात्र ‘स्वतंत्र’ हा शब्द येथे केवळ कथानकाच्या उगमापुरता वापरलेला असूनही तो वाचला जातो गुणवत्तेचे प्रमाणपत्र म्हणून. उरलेल्या सहा नाटकांत देवलांनी निर्माण असे काही केलेच नाही, असा ग्रह त्यातून नकळत होतो. तो कितपत टिकतो, हे ‘संशयकल्लोळ’चा प्रवास उलट दिशेने तपासून पाहिल्यास कळू शकेल.

हे नाटक प्रथम ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ या नावाने १८९३ मध्ये गद्यरूपात आले. पुढे देवलांनीच त्यात पदे घालून त्याचे संगीत नाटक केले आणि गंधर्व नाटक मंडळीने ते १९१६ मध्ये, देवलांच्या मृत्यूनंतर, रंगभूमीवर आणले. मर्फीचे पाच अंकी नाटक लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात १७६१ साली झाले होते. परंतु उगम तेथेही सापडत नाही. मर्फीपुढे मोलिएरचे ‘स्गानारेल’ हे एकअंकी पद्य प्रहसन होते. त्याचा पहिला प्रयोग पॅरिसमध्ये १६६० साली झाला. प्रियकराची तसबीर हाती असलेली तरुणी मूर्च्छित होते, एक विवाहित गृहस्थ तिला सावरतो, ते त्याची बायको पाहते. खाली पडलेली तसबीर बायकोच्या हाती लागते आणि तिच्या हातातली ती तसबीर नवरा पाहतो. घोटाळ्याची ही सगळी यंत्रणा मोलिएरच्या प्रहसनात तयार आहे. मोलिएरपाशी थांबावे म्हटले, तर त्याची मंडळी त्या काळी एका इटालियन विनोदी नटसंचाबरोबर एकाच नाट्यगृहात आळीपाळीने प्रयोग करीत होती आणि संशयी नवऱ्याचा ठसा त्या इटालियन परंपरेत कित्येक पिढ्या रुळलेला होता.

त्याच १६६० साली घडलेल्या दोन गोष्टी आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने उद्बोधक आहेत. एका प्रेक्षकाने ‘स्गानारेल’ ऐकून पाठ केले आणि मोलिएरच्या परवानगीशिवाय छापवून घेतले. दुसऱ्या एका लेखकाने तेच नाटक उलटे केले. पुरुषांच्या जागी स्त्रिया व स्त्रियांच्या जागी पुरुष घालून त्याने आपले ‘नवे’ नाटक प्रसिद्ध केले. पहिली सरळ चोरी होती. दुसऱ्यात चोरी म्हणावी असे काही नव्हते, तरी निर्मितीही नव्हती. ते नाटक आज केवळ मोलिएरच्या चरित्रातील तळटीप म्हणून उरले आहे. घेतलेल्या वस्तूत बदल केला म्हणजे ती आपली झाली, असे होत नाही, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मिळणे कठीण.

मग ती आपली केव्हा होते? आपल्या काव्यशास्त्राने हा प्रश्न फार पूर्वी विचारला होता. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्योतात दोन कवींच्या रचनांतील साम्याला ‘संवाद’ म्हटले आणि त्याचे तीन प्रकार सांगितले. पहिले साम्य बिंब व प्रतिबिंब यांचे. दुसरे वस्तू आणि तिचे चित्र यांचे. तिसरे एकमेकांसारख्या दिसणाऱ्या दोन देहधारी माणसांचे. पहिली दोन त्याज्य, कारण प्रतिबिंबाला स्वतःचा प्राण नसतो आणि चित्रातला प्राणही उसनाच असतो. तिसरे मात्र कवीने टाळण्याचे कारण नाही. दोन माणसांचे चेहरे सारखे असले, तरी त्यांतले एक दुसऱ्याची नक्कल ठरत नाही. पुढे राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त शब्दांचे व अर्थांचे हरण कोणकोणत्या रीतींनी होते याची लांबलचक वर्गवारीच दिली. या विचारांत लक्षणीय काय, तर सामग्री कोठून आली यापेक्षा तिच्यात नवा प्राण आला की नाही, यावर दिलेला भर.

युरोपात याच्या उलट भर देणारी कल्पना अठराव्या शतकात प्रबळ झाली. एडवर्ड यंग याचा मौलिक रचनेविषयीचा प्रसिद्ध निबंध १७५९ मधला. खरी कृती प्रतिभेच्या मुळातून रोपासारखी उगवते, अनुकरण हे परक्या सामग्रीतून कारागिरीने घडवलेले असते, असे त्याचे प्रतिपादन. योगायोग असा, की मर्फीचे उसने नाटक त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी त्याच शहरात रंगले. ही रोपाची कल्पना इंग्रजी शिक्षणाबरोबर आपल्याकडे आली आणि रुजली. देवलांच्या सात नाटकांना लावलेला गज तिचाच आहे.

आता ‘संशयकल्लोळ’कडे आनंदवर्धनाच्या दृष्टीने पाहू. देवलांनी काय केले? पहिली गोष्ट नावांची. पुरुषांना महिन्यांची नावे दिली : फाल्गुनराव, अश्विनशेट, वैशाखशेट, भादव्या. स्त्रियांना नक्षत्रांची : कृत्तिका, रेवती, रोहिणी, मघा. मर्फीच्या नवऱ्याचे आडनाव ‘रेस्टलेस’, म्हणजे अस्वस्थ. स्वभाव नावातच सांगून टाकण्याची ती इंग्रजी रीत. देवलांनी तिचे भाषांतर केले नाही. त्यांनी सारे नाटक पंचांगात नेऊन बसवले. ही कल्पना खेळकर आहे, पण एवढ्यावर थांबते तर तीही १६६० च्या त्या उलटापालटीच्याच वर्गात पडली असती.

दुसरी गोष्ट खोलवर जाणारी आहे. मोलिएरची तरुणी प्रतिष्ठित नागरी घरातली. तिच्या प्रेमाआड येतो तो धनवान जावई शोधणारा बाप. मर्फीकडेही बापाने ठरवलेला विवाह हाच अडसर. देवलांची रेवती मात्र नायकिणीच्या घरातली आहे. मघा नायकीण तिची आई आणि रेवतीला हवा आहे एकनिष्ठ संसार. या एका बदलाने संशयाचे वजनच पालटते. फाल्गुनराव आणि कृत्तिका एकमेकांचा संशय घेतात तो स्वभावदोष म्हणून, आणि त्याला आपण हसतो. अश्विनशेटाने रेवतीचा संशय घेतला, की त्याच्या बाजूला सारा समाज उभा असतो; कारण तिच्या कुळाने तिला आधीच संशयित ठरवले आहे. तसबीर परक्या हाती दिसताच तिच्यावरचा विश्वास किती लवकर ढळतो, हे पाहताना प्रहसनाच्या मध्यावर एक गंभीर प्रश्न उभा राहतो : शब्दावर विश्वास ठेवला जावा, हा अधिकार कोणाला असतो? हा प्रश्न मोलिएरच्या प्रहसनात नाही, मर्फीकडेही नाही. तो देवलांपाशी कोठून आला असावा? याआधीच त्यांनी ‘मृच्छकटिक’ मराठीत आणले होते आणि त्यातली वसंतसेना, गणिका असून, अखेरीस वधूपद मिळवते. एका उसन्या नाटकाने दुसऱ्या उसन्या नाटकाला प्राण दिला, असे मानण्यास येथे जागा आहे.

शूद्रकाची कथाही एवढ्यावर संपत नाही. त्रावणकोरात गणपतिशास्त्रींना सापडलेली भासाची म्हणून मानली जाणारी नाटके १९१२ पासून छापून येऊ लागली. त्यांतल्या ‘चारुदत्त’ नाटकात ‘मृच्छकटिका’चे पूर्वरूप अनेक अभ्यासकांना दिसले. म्हणजे देवल ज्याला मूळ मानून चालले होते, तेही बहुधा रूपांतरच.

आता ‘शारदे’कडे परत यावे. वृद्धाला विकल्या जाणाऱ्या मुलीचे दुःख मराठी रंगभूमीवर इतक्या थेटपणे आणणे ही देवलांची थोरवी आहेच. परंतु नाटकाची गाठ सुटते ती वधूवर सगोत्र असल्याच्या शोधाने, आणि पुढच्या विवाहाला मान्यता मिळते ती शंकराचार्यांची. प्रश्न नवा आहे, उत्तर रूढ चौकटीतले आहे. ‘स्वतंत्र’ नाटकाचा शेवट असा परंपरेवर टेकतो आणि ‘आधारित’ नाटकाचा गाभा कोणत्याच आधारात सापडत नाही.

याचा अर्थ सर्व उसनवारी क्षम्य, असा मुळीच नव्हे. त्या काळात नुसती नावे आणि पोशाख बदललेली कितीतरी रूपांतरे झाली व लोपली. ज्याचे घेतले त्याचे नाव सांगणे ही नीतीची बाब आहे, आणि तीत सवलत नको. पण ऋण मान्य केल्याने कृती निकृष्ट होत नाही आणि ऋण नसल्याने ती मौलिक ठरत नाही. हे दोन हिशेब वेगळे ठेवले पाहिजेत. अध्यापनात ते एकत्र होतात, म्हणून ‘देवलांचे स्वतंत्र नाटक कोणते?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येते. ‘संशयकल्लोळा’तून मर्फी वजा केला, तर नाटक उभे राहणार नाही, हे खरे. पण रेवतीचे कूळ वजा केले, तर जे उरेल ते मर्फीचे असेल, मोलिएरचे असेल, इटालियन नटांचे असेल. देवलांचे फारसे नसेल.