लाथेचा शब्द

इंग्रजी शब्दांस इटालियन रूप देण्याचे यत्न पुष्कळ झाले. त्यांत आम्हांस सर्वांत साधलेला वाटतो तो 'काल्चो'. १८९८ सालीं स्थापन झालेल्या इटालियन क्रीडासंघाच्या नांवांत 'फुटबॉल' हाच शब्द होता; १९०९ सालीं त्या जागीं 'काल्चो', म्हणजे लाथ, हा शब्द आला. फ्लॉरेन्स नगरीचा एक जुना खेळ याच नांवाचा. १५३० च्या फेब्रुवारींत शत्रूचा वेढा पडला असतांही नगरवासी तो भर चौकांत खेळले होते. त्या खेळांत हातही सर्रास चालत, म्हणजे भाषांतर काटेकोर नव्हेच! पण परक्या खेळास घरचा पूर्वज मिळाला आणि शब्द तोंडीं बसला.

मुसोलिनीच्या राजवटीनें हेंच काम हुकुमानें करूं पाहिलें. १९३९ सालीं 'मिलान' क्लबास शहराचें इंग्रजी नांव टाकून 'मिलानो' व्हावें लागलें. १९४० च्या कायद्यानें दुकानांच्या पाट्यांवर व जाहिरातींत परकी शब्दांस बंदी झाली. 'बार'बद्दल 'मेशिता' सुचविण्यांत आला. राजवट कोसळली, 'मिलान' परतला, आणि इटालियन मनुष्य आजही कॉफीसाठीं 'बार'मध्येंच जातो. तेथें सँडविच मात्र तो 'त्रामेत्सीनो' म्हणून मागतो. हा शब्द कवि दान्नुंत्सिओ यांनीं घडविला असें म्हणतात. 'त्रामेत्सो' म्हणजे घरांतील आडभिंत, तिचेंच हें लाडकें रूप.