राडारोड्याच्या खडीचे काँक्रीट

पाडलेल्या बांधकामातले काँक्रीट क्रशरमध्ये फोडून, सळया बाजूला काढून मिळालेली खडी दगडी खडीच्या जागी अंशतः किंवा पूर्णपणे वापरून केलेले काँक्रीट. त्याची परीक्षा बहुधा 28 दिवसांच्या घनाची दाबताकद पाहून होते. ही परीक्षा अपुरी आहे. हे काँक्रीट ताकदीपेक्षा ताठपणात अधिक उणे पडते. कारण दाण्यावरच दिसते. महाराष्ट्रातल्या जुन्या स्लॅबचा तुकडा फोडला, तर बेसॉल्टच्या काळ्या कपचीला सिमेंट-वाळूचा करडा, सच्छिद्र थर चिकटून राहिलेला असतो. हा थर दगडापेक्षा मऊ असतो आणि पाणीही पितो: चांगली दगडी खडी साधारण 1 टक्का पाणी शोषते, ही 3 ते 10 टक्के. कोरडी घातली की मिश्रण पाहता पाहता घट्ट होते, म्हणून ती आधी भिजवतात. सगळी जाड खडी बदलली, तर दाबताकद सर्वसाधारणपणे 10 ते 25 टक्के घटते, पण ताठपणाचे माप असलेला स्थितिस्थापकता गुणांक 20 ते 40 टक्क्यांपर्यंत उतरू शकतो. सुकतानाचे आकुंचन आणि कायम भाराखालचे क्रीपही वाढते.

यावर सिमेंट वाढवण्याचा उपाय सुचवला जातो. त्याने घन पास होतो; मऊ थर मात्र तसाच राहतो, आकुंचन वाढू शकते आणि पर्यावरणाचा लाभ त्या जादा सिमेंटमध्येच विरतो. आयएस 456 या भारतीय मानकातले सूत्र एम 25 या ताकद-श्रेणीच्या काँक्रीटचा गुणांक 25,000 मेगापास्कल धरते. पुनर्चक्रित खडीच्या एम 25 ला तोच आकडा लावला, तर तुळईचा झोल हिशेबापेक्षा जास्त निघेल. मग ही खडी टाळावी का? तसे नाही. 20-30 टक्के बदलापर्यंत फरक थोडाच असतो. खडी-वाळूच्या आयएस 383 या मानकाच्या 2016 च्या आवृत्तीने एम 25 पर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये 20 टक्के, साध्यात 25 टक्के मुभा दिली, ती म्हणूनच रास्त आहे. पण केवळ टक्केवारी बांधून चांगल्या-वाईट खडीतला भेद होत नाही. जपानच्या 2005 च्या मानकाने वरच्या दर्जाच्या जाड खडीला जलशोषणाची 3 टक्क्यांची मर्यादा घातली. मोजण्याची गोष्ट जलशोषण हीच आहे. विटा, टाइल, गिलावा मिसळलेल्या मालाला मात्र आयएस 383 एम 15 खालच्या लीन काँक्रीटपलीकडे जागा देत नाही.