मंकी हिलचा थांबा

पुण्याहून मुंबईला येणारी गाडी खंडाळा सोडून मंकी हिलला थांबली, की डब्यात कुणी ना कुणी वैतागतंच. ‘‘आता इथे कशाला थांबवली?’’ बाबा बरोबर असले की हा प्रश्न त्यांच्या जिव्हारी लागतो. ‘‘हा थांबा तुझ्या पणजोबांच्या वेळचा आहे,’’ असं मला सांगून ते घाटाच्या गोष्टी काढतात. त्यातल्या बऱ्याचशा त्यांनी आजोबांकडून ऐकल्या आणि आजोबांनी पणजोबांकडून.

पणजोबा बोरघाटात सांधेवाले होते, गाडीची वाट बदलणारे रुळांचे सांधे फिरवायचे. हा घाट १८६३ साली रेल्वेला खुला झाला. तो बांधताना हजारो मजूर साथीच्या रोगांनी आणि अपघातांनी गेले. सर्वांत तीव्र उतार सदतीस फुटांना एक फूट. खंडाळ्याजवळ तेव्हा रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी कड्याच्या तोंडाशी थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि ती उलट्या दिशेनं निघायची. १८६९ च्या जानेवारीत उतरणीवर ब्रेक दाद देईनात आणि एक मेल तिथे थांबू शकली नाही. पणजोबांच्या जन्माआधीची ही हकिगत, पण समोर घडल्यासारखी ते सांगत. चढताना इंजिन दमतं, उतरताना मात्र गाडी माजते, असं त्यांचं म्हणणं.

त्या माजावरचा उपाय म्हणजे कॅच सायडिंग. मुख्य मार्गाला फुटलेला, चढावर जाऊन संपणारा रूळ. सांधा कायम त्याच्याकडे लावलेला असतो. उतरणारी गाडी आधी थांबून दाखवते, ब्रेक धरतात याची खात्री पटते, तेव्हाच सांधा मुख्य मार्गाकडे फिरतो आणि सिग्नल मिळतो. ब्रेक गेलेली गाडी सायडिंगच्या चढावर धापा टाकत थांबते. ‘‘आधी थांबून दाखव, मग जा,’’ हा पणजोबांचा मंत्र आमच्या घरात मुलांनाही लागू होता.

आजोबा लागले ते विजेच्या इंजिनांवर. १९३० साली डेक्कन क्वीन धावू लागली होती आणि मालगाड्यांना लांबुडकी, हेलकावे खात चालणारी इंजिनं होती. उभं असतानाही ते इंजिन कण्हायचं. ड्रायव्हर त्याला ‘खेकडा’ म्हणत. लहानपणी मी आजोबांना विचारलं होतं, ‘‘घाटात भीती वाटायची का?’’ ते म्हणाले, ‘‘घाटात कसली भीती? दरी जागं ठेवते. कर्जत सुटून सपाटी लागते, पहाटेचे तीन वाजलेले असतात, रूळ सरळ, गार वारा. खरं भ्यायचं ते तेव्हा.’’

तेव्हा डुलकी लागू नये, म्हणून आमच्या चाळीतल्या खोलीत दिवसा सगळे कुजबुजत. कॉल बॉय रात्री कधीही दार वाजवायचा, वहीवर सही घ्यायचा आणि तासा-दोन तासांत आजोबांना ड्यूटीवर उभं राहायला लागायचं. दुपारी त्यांचा डोळा लागला, की आजी खलबत्ता अंगणात नेऊन कुटायची. बोहारीण आली तर हातानंच तिला गप्प करायची. गाडीतल्या शेकडो माणसांच्या जिवाची राखण आजीच्या त्या शांततेत होती. तिला त्याचा पगार नव्हता. तिचं नाव कुठल्या रजिस्टरातही नव्हतं.

आजोबांचा दुसरा पहारेकरी म्हणजे हाक. सिग्नल दिसला, की असिस्टंटनं रंग मोठ्यानं सांगायचा आणि ड्रायव्हरनं तोच रंग उलट म्हणायचा. ‘‘पिवळा!’’ ‘‘पिवळा!’’ डोळा कितीही तरबेज असला, तरी एकट्या डोळ्यावर विसंबायचं नाही. रोजच्या वाटेवर डोळा जे आहे ते बघत नाही, रोज जे असतं तेच बघतो, असं आजोबा सांगत.

बाबा मुंबईच्या लोकलवर मोटरमन झाले आणि केबिनमध्ये एकटे पडले. गार्ड पार मागच्या टोकाला. हातातला हँडल सतत दाबून धरायचा, तो सुटला की ब्रेक आपोआप लागतात. म्हणजे मोटरमनला काही झालं तरी गाडी थांबेल, अशी सोय. पण समोर रुळांवर माणूस आला तर? मुंबईच्या उपनगरी मार्गांवर कितीतरी वर्षं, दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं जीव गमावत आली. त्यांतली बरीचशी रूळ ओलांडताना. इमर्जन्सी ब्रेक लावला तरी धावती लोकल जागच्या जागी थांबत नाही. हॉर्न वाजत असतो, चाकं घासत असतात आणि मधले ते काही सेकंद मोटरमनला नुसतं बघत राहावं लागतं. अशा दिवशी बाबा घरी आले, की आजी काही विचारत नसे. पाण्याची बादली बाहेर ठेवायची. बाबा कितीतरी वेळ हात धूत बसत. हातांना काहीच लागलेलं नसे.

आपल्या मरणाची भीती या तिघांपैकी कुणी कधी बोलून दाखवली नाही. आपण सारं नीट करूनही कुणीतरी दगावेल, ही त्यांची भीती.

परवा बाबांबरोबर पुण्याहून येत होतो. मंकी हिलला गाडी थांबली आणि समोरच्या तरुणानं घड्याळ पाहून सुस्कारा टाकला. बाबा खिडकीशी होते. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी उजवा तळवा गुडघ्यावर दाबून धरलेला. वळणामुळे पुढचा सिग्नल तिरका दिसत होता. लालचा पिवळा झाला.

‘‘पिवळा,’’ ते स्वतःशी पुटपुटले. एकट्या केबिनमध्येही त्यांनी ही हाक सोडली नव्हती, फक्त तिथे उत्तर द्यायला कुणी नसायचं.

‘‘पिवळा,’’ मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. गाडी हलली आणि सावकाश घाट उतरू लागली.