बांबू आधी घ्या

सरका थोडं आत. गोणपाट लहान आहे आणि मागून एक मावशी पोर कडेवर घेऊन येतेच आहे. मांडी घाला, गुडघे जवळ घ्या. जमीन ओली लागतेय ना? संध्याकाळी नळावर झुंबड होती, हंडे-कळश्या नेताना पाणी वाटेतच सांडतं. खिशात मोबाइल शोधू नका. तिथे आता थोडी सुटी नाणी आहेत आणि बेस्टचं चुरगळलेलं तिकीट. साल १९८५, गाव मुंबई, आणि आज वस्तीत सिनेमा आहे.

दोन बांबूंना पांढरी चादर ताणून बांधलीय. किराणावाल्याच्या दुकानातून वायर ओढून आणलीय आणि तिच्यावर कुणी पाय देऊ नये म्हणून एक आजोबा काठी घेऊन बसलेत. प्रोजेक्टर सुरू झाला की आधी शिलाई मशीनसारखी खडखड ऐकू येते, मग तापलेल्या धुळीचा वास येतो. त्यात मिसळलेत कुणाच्या तरी चुलीवरचे सुके बोंबील, स्टोव्हचं रॉकेल, गटार आणि पुढच्या ताईंच्या वेणीतला मोगरा. पोरं प्रकाशाच्या झोतात हात घालून चादरीवर कबुतरं उडवतायत.

"हिरो कोण आहे?" तुमच्या मांडीला टेकलेला मुलगा विचारतो. "अमिताभ असला तर उठवा, नाहीतर मी झोपतो."

हिरो कुणीच नाही. चादरीवर दिसतो एक रस्ता, पोलिसांच्या टोप्या, पत्रे उचकटणारे हात. मुलगा झोपत नाही, ताठ बसतो. कुठून तरी दबका आवाज येतो, "अगं, हे तर आपल्यासारखंच." मोगरावाल्या ताईंनी पदर तोंडात धरलाय. तुम्हाला वाटलं होतं, लोक स्वतःचं दुःख पुन्हा कशाला बघतील? आता आजूबाजूला बघा. एकही पापणी लवत नाहीये.

हा आनंद पटवर्धन यांचा 'हमारा शहर'. फुटपाथवर आणि झोपडीत राहणारी माणसं त्यात आपापलं बोलतात. मोठ्या हुद्द्यावरचे साहेबही बोलतात, खुर्चीत बसून, शांतपणे. त्यांचं बोलणं सुरू झालं की वस्ती चादरीलाच उत्तरं द्यायला लागते. शिव्याही पडतात, त्या इथे लिहीत नाही. मग शाहीर विलास घोगरे गातात. सगळा गलबला आपोआप खाली बसतो आणि प्रोजेक्टरची खडखडसुद्धा ऐकू येईनाशी होते.

आता नीट लक्ष द्या. पडद्यावरची एक बाई कॅमेऱ्याकडे वळलीय आणि तो चालवणाऱ्यांना फैलावर घेतेय. गरिबांची चित्रं काढून तुमचं नाव होईल, आमचं काय होणार, असा तिचा सवाल आहे. तुमच्या शेजारची मावशी मांडीवर थाप मारते, "बरोबर विचारलं बाईनं!" दिग्दर्शकाला हे दृश्य कापून टाकता आलं असतं. त्यानं ते ठेवलं. माझ्या मते या सिनेमातलं सगळ्यात खरं दृश्य हेच आहे. तिचा सवाल लक्षात ठेवा, आपल्याला तो सोबत घेऊन पुढे जायचंय.

चला, उठा. पायाला मुंग्या आल्या असतील, झटका.

हे आलात मार्च १९८६ मध्ये. सकाळ आहे. उजवीकडे नरीमन पॉइंटच्या उंच इमारती, काचांवर ऊन चमकतंय. समुद्राचा खारा वारा नाकात. आणि या इमारतींच्या पायाशी संजय गांधी नगर. 'आहे' म्हणेपर्यंत 'होतं' व्हायला लागलंय. झोपड्या तोडणाऱ्या गाड्या आल्यात.

पत्रा उचकटतानाचा आवाज तुम्ही आयुष्यात विसरणार नाही. दातांत कळ जाते. कुत्री भुंकतायत, कुकर घरंगळत रस्त्यावर आलाय, अर्धी शिजलेली डाळ मातीत. उभे काय राहिलात? धरा काहीतरी! पण काय धरायचं हे तुम्हाला ठाऊक नाही, इथल्या बायकांना आहे. रेशनकार्ड आधीच प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ब्लाउजमध्ये गेलंय. ते गेलं तर माणूस कागदावरूनच पुसला जातो. मग पोर, आणि लगेच बांबू. "भांडी राहू द्या, बांबू आधी घ्या!" एक बाई तुमच्या खांद्यावर एक लांब बांबू टाकते. वरच्या टोकाला तो जळून काळा झालाय, कधीतरी चिमणीच्या ज्योतीनं. बांबू हाताशी असला तर रात्री पुन्हा छप्पर उभं राहतं. तो गाडीत गेला तर नवा घ्यायला किती दिवसांची मजुरी घालायची, ते तिनं मनात मोजलेलं आहे.

आदल्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं पत्रकार ओल्गा टेलिस आणि फुटपाथवासीयांच्या खटल्यात सांगितलं होतं, की पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्याच निकालात रीतसर हटवायची मुभाही पालिकेला होती. खांद्यावर बांबू असताना यातलं कोणतं वाक्य जड लागतं, ते तुम्हाला आता कळतंय.

बांबू सोडू नका. दोन महिने पुढे जायचंय.

मे महिना. डोक्यावर उपोषणाचा कापडी मांडव आहे, पण ऊन कापडातून गाळून खाली येतंय. सतरंजी तव्यासारखी तापलीय. घामानं सदरा पाठीला चिकटलाय. भोवती एवढी गर्दी की वारा आत शिरायलाच जागा नाही. मागची पोरं तुमच्या खांद्यांवर हात टेकून उड्या मारतायत. "कुठेय? कुठेय शबाना?"

ती काय, तिथे. वस्तीतल्या माणसांच्या मधोमध, ओठ कोरडे, पोटात पाण्याखेरीज काही नाही. 'हमारा शहर' बघितला आणि ही नटी वस्तीवाल्यांच्या निवारा हक्काच्या लढ्यात येऊन मिळाली. शेजारी तो सिनेमा काढणारे पटवर्धनही उपाशीच बसलेत. मागणी एकच: घरं तोडलीत, बदली जागा द्या. तिकडे याच महिन्यात फ्रान्समधल्या कान महोत्सवात मृणाल सेन यांचा 'जेनेसिस' लागतोय. त्यात शबाना आझमी आहेत. त्यांनी तिथे असायला हवं होतं. त्या इथे, या सतरंजीवर आहेत. कैफी आझमींची तार आलीय. मुलीला उपास सोड म्हणणारी नाही, शुभेच्छा देणारी.

गर्दीतली निम्मी माणसं नुसती नटी बघायला आलीत, खरं आहे. येऊ देत. नटीला बघायला आलेल्याची नजर शेजारच्या म्हातारीवरही पडते. ती म्हातारीही उपाशी आहे आणि तिचा फोटो काढायला आजवर कुणी आलं नव्हतं. आज फोटोवाले आलेत, आणि चौकटीतून तिला वगळायला त्यांना जागाच नाही, इतकी ती शबानाला खेटून बसलीय.

तिसऱ्या दिवशी उपासाला वेगळाच वास येतो, तोंडाचा, आंबूस. बोलणं हळू होतं. रक्तदाब मोजायच्या पट्ट्याची फुसफुस ऐकू येते तेव्हा सगळा मांडव गप्प होतो. पाचव्या दिवशी बातमी येते. नट शशी कपूर थेट मुख्यमंत्र्यांकडे गेले होते, बोलले, आणि सरकार नमलं. बदली जागा मिळणार. रसाचे पेले येतात, फ्लॅशचे दिवे लखलखतात आणि फोटोवाले शशी कपूरना शोधेपर्यंत ते निघूनही गेलेले असतात.

आता शेवटचा पल्ला, लोकलनं. बांबू जपून धरा, डब्यातल्यांना लागेल. गोरेगाव. तिथून दिंडोशी.

इथे समुद्र नाही. धूळ आहे, दगड आहेत, झुडपं आहेत आणि खूप आभाळ. नरीमन पॉइंटच्या घरांत ज्यांची धुण्याभांड्याची कामं होती, त्या बायका एकमेकींना विचारतायत, पहाटे कितीची गाडी धरावी लागेल? पोहोचायला किती वेळ? तास तर जाईलच. कुणी हसत नाहीये, कुणी रडतही नाहीये. जागेची मापं चाललीत. एक जण सुतळी घेऊन धावतोय. पाण्याचा टँकर कधी येणार यावरून पहिलं भांडणही जुंपलंय.

आणि तुमच्या खांद्यावर बांबू टाकणारी ती बाई तुम्हाला शोधत आलीय. घामेजलेल्या तळव्यातून तुमचा बांबू घेते, काळं टोक वर करते, खड्ड्यात रोवते आणि एक डोळा मिटून बघते.

"नुसते बघत काय राहिलात, भाऊ? धरा की सरळ. मी माती लोटते."