लघुलहरी : खरखर आणि मौन

वातावरणाच्या वरच्या विद्युद्भारित थरांवरून परतून लघुलहरी हजारों मैलांचा प्रवास करतात. दूरदेशींची केंद्रें धुंडाळण्याचा छंद त्यांतूनच उपजला. १९४२ सालीं मुंबईंत मात्र हें धुंडाळणें नुसता छंद राहिलें नाहीं. उषा मेहता व त्यांचे सहकारी २७ ऑगस्टपासून ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ चालवीत. १२ नोव्हेंबरला पोलिसांचा छापा पडेपर्यंत त्यांना जागा वारंवार बदलावी लागली. खरखरींतून अर्धें वाक्य आलें, तरी उरलेलें श्रोता मनानें जुळवून घेई.

पुढें ‘डिजिटल रेडिओ मोंदियाल’ ही अंकीय पद्धति निघाली. २००३ सालीं तिचें नियमित क्षेपण सुरू झालें. २००९ सालीं आकाशवाणीनेंहि दिल्लीहून युरोपासाठीं तें आरंभिलें. येथें ध्वनीचे अंक बनतात. लहर पुरेशी सबळ असेल तर गाणें निर्मळ, केंद्राचें नांवहि पडद्यावर उमटतें; थोडी क्षीण होतांच सारें नि:शब्द. भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावीं, विजेच्या मोटारींच्या उपद्रवांत, ही अट जाचकच म्हणावयाची. जुन्या छांदिष्टाला खरखर सोसे, हें मौन सोसवत नाहीं. तरीहि हौशी मंडळींनीं रेडिओ संगणकाला जोडले, गच्चीवर तारा ताणल्या, आणि ऐकलेल्याचा तपशील केंद्रांना कळवून पोंचपत्रें मिळविलीं.